पाठचा वारा असताना लॉफ्ट कमी करू नका

चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या जोरात फिरू लागल्या की आमच्या गोल्फच्या दुकानात हमखास एक मागणी येते: "येरवड्याला गोल्फ खेळायला चाललोय, पाठचा वारा मिळेल, ड्रायव्हर ९ अंशांवर करून द्या." ड्रायव्हर म्हणजे सर्वात लांब फटक्याचा क्लब (काठी), आणि हे अंश म्हणजे त्याचा लॉफ्ट: बॉलला लागणाऱ्या पृष्ठभागाचा, म्हणजे फेसचा, तिरपेपणा.

हे नेमकं उलटं आहे. बॉल हवेत टिकतो तो उलट्या फिरकीमुळे आणि समोरून येणाऱ्या हवेमुळे. वारा पाठीमागून असला की ही हवा कमी लागते, उचलही कमी मिळते. त्यात लॉफ्टही उतरवला तर वाऱ्याने पुढे न्यायच्या आतच बॉल खाली येतो. मध्यम वेगाने मारणाऱ्याने १०.५ किंवा १२ अंशच ठेवावेत. ज्यांचा स्विंग सावकाश आहे त्यांचा १५ अंशांचा ३-वुड (ड्रायव्हरपेक्षा आखूड, जास्त लॉफ्टचा क्लब) अशा वाऱ्यात ड्रायव्हरच्या जवळपास जातो.

ढोबळ हिशेब असा: ताशी १६ किलोमीटरचा वारा २०० यार्डांच्या ड्राइव्हला १० यार्ड देतो, समोरून आला तर २० खातो. म्हणून ४० यार्डांच्या आशेने जोर लावू नका. जोराच्या नादात बॉल फेसच्या टाचेकडे (दांड्याकडच्या टोकाला) लागतो आणि ते १० यार्ड तिथेच जातात.

टी (बॉल ठेवायची खुंटी) नेहमीपेक्षा ५-६ मिलिमीटर उंच लावा, बॉल पुढच्या पायाच्या टाचेच्या आतल्या रेषेत ठेवा, मागचा खांदा जरा खाली असू द्या आणि क्लब वर जाताना बॉलला लागू द्या. उंच टीवर वरून खाली मारलंत तर क्राउनवर (क्लबच्या हेडच्या वरच्या बाजूवर) ओरखडे पडतात. तो रंग पुन्हा हुबेहूब जुळवणं अवघड असतं. वारा झाडांच्या शेंड्यांवरून बघा, टीजवळच्या गवतावरून नको.

आमचा सर्वात जास्त वेळ जातो तो घरच्या पान्याने स्लीव्हचा (हेड आणि दांडा जोडणाऱ्या, लॉफ्ट बदलायच्या भागाचा) स्क्रू फिरवून आटे घालवलेले क्लब दुरुस्त करण्यात. टॉर्क पान्याचा (ठरावीक ताणाला आवाज करणाऱ्या पान्याचा) 'टक्' आवाज आला की थांबायचं असतं. शिवाय लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, म्हणजे आत वळतो, आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल डावीकडे जातो. स्पर्धेत फेरी सुरू झाल्यावर सेटिंग बदलून त्याच क्लबने फटका मारलात तर थेट बाद.

म्हणूनच आम्ही आधी फेसवर पावडर मारून १० बॉल मारायला लावतो, मगच पाना हातात घेतो. वीस मिनिटं जातात, पण बॉल फेसच्या खालच्या भागात लागत असेल तर लॉफ्ट बदलण्याचे पैसे वाचतात. टी उंच करायला सव्वातीन इंची टीचं पाकीट पुरतं. ते काउंटरवरच आहे, १२ अंशांचं हेडही मारून बघायला ठेवलंय. येताना ड्रायव्हरबरोबर नेहमीचे बॉल आणा.