111 विजय, तरी पहिल्याच मालिकेत घरी

मेजर लीग बेसबॉलमध्ये (अमेरिकेतली अव्वल बेसबॉल स्पर्धा) साखळीत अव्वल ठरलेला संघ बाद फेरीत हरला की 'दडपणाखाली कच खाल्ली' हे ठरलेलं वाक्य येतं. त्यापेक्षा गणित करून बघा. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता 60 टक्के धरा (तगड्या संघापुढे हे जरा सढळच). मग पाच सामन्यांची मालिका जिंकण्याची शक्यता 68 टक्के, सातची 71. पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली तरी अशा तीन मालिका उरतात: 0.68 × 0.71 × 0.71, म्हणजे जेमतेम 34 टक्के!

शिवाय साखळीच्या 162 सामन्यांत पिचरना (चेंडू फेकणाऱ्यांना) आलटून पालटून विश्रांती द्यावी लागते, म्हणून पाचवा पिचरही लागतो. बाद फेरीत मधे सुट्ट्या असल्याने समोरचा संघ तीन-चार उत्तम पिचरच फिरवतो.

2022 मध्ये 111 सामने जिंकलेले डॉजर्स पाद्रेसकडून 1-3 असे हरले. साखळीत त्याच पाद्रेसना त्यांनी 19 पैकी 14 वेळा हरवलं होतं.