कुंडीतली ब्राह्मी नेमकी कोणती?

ताण वाढला, झोप उडाली, उगाच धडधडायला लागलं की कुणीतरी हमखास सांगतं, "ब्राह्मी घे." आपल्याकडे ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती मिळतात आणि एकीचे गुण दुसरीच्या नावावर सर्रास खपवले जातात.

पान हातात घेऊन बघा. गोलसर, कडेला बारीक दाते, लांब देठ आणि जमिनीवर पसरत जाणारं खोड असेल तर ती मंडूकपर्णी, कोथिंबिरीच्या कुळातली. नर्सरीत ब्राह्मी मागितली की बऱ्याचदा हीच हातात पडते. जलब्राह्मीची पानं लहान, मांसल, जवळजवळ बिनदेठाची, समोरासमोर जोडीनं येणारी. फुलं पांढरी किंवा फिकट जांभळी. तिचं एक पान चावलं तरी कडवटपणा बराच वेळ जिभेवर राहतो.

म्हणूनच जेवणात रुळली ती मंडूकपर्णी. उडुपीकडे खोबरं-ताक घालून तिची तंबुळी करतात, श्रीलंकेत कांदा, खोबरं, लिंबू घालून कच्ची कोशिंबीर. चरकाच्या चार मेध्य रसायनांत, म्हणजे बुद्धीला पोषक औषधांत, तिचा स्वरस (ताज्या पानांचा रस) आहे, त्यामुळे तिला 'नकली ब्राह्मी' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

ताणाबद्दलचा पुरावा मात्र दोघींचा वेगळा आहे. जलब्राह्मीचा अर्क रोज 300 मिलिग्रॅम, 12 आठवडे, असा प्रयोग अमेरिकेत 65 वर्षांपुढच्या 54 जणांवर झाला. 2008 साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांत चिंता आणि उदासी दोन्ही काहीशी उतरलेली दिसली. प्रयोग लहान आहे, आणि परिणाम रोज 12 आठवडे घेतल्यानंतरचा आहे: परीक्षेच्या सकाळी एक कॅप्सूल गिळण्याबद्दल तो काही सांगत नाही. मंडूकपर्णीचा 2000 सालचा कॅनडातला प्रयोग एकाच मात्रेचा, तब्बल 12 ग्रॅमचा. अचानक मोठा आवाज झाल्यावर दचकणं तासाभरात कमी झालं. मनःस्थितीत मात्र फरक नोंदला गेला नाही. चटणीतल्या चार पानांकडून तर तेवढीही अपेक्षा धरू नये.

डबी घेताना 'बॅकोपा मोनिएरी' (जलब्राह्मी) लिहिलंय की 'सेंटेला एशियाटिका' (मंडूकपर्णी), ते आधी वाचा. जलब्राह्मीनं मळमळ, जुलाब होऊ शकतात. जेवणानंतर घेतलेली बरी. मंडूकपर्णीच्या गोळ्यांनी क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गरोदरपणात किंवा थायरॉइडची, झोपेची, नैराश्याची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही नकोत, आणि चालू गोळ्या परस्पर बंद तर मुळीच करू नका. मंडूकपर्णी गटाराकाठीही जोमानं वाढते, तिथली पानं खुडू नका.