महाकाय सोबती शेफर्ड : नवी जात घडविणे

जर्मन शेफर्डच्या पायावर इतर मोठ्या कुत्र्यांचा संकर करून, अंगाने अधिक थोराड, पण कामाची ओढ कमी आणि घरात माणसांजवळ शांत बसण्याची वृत्ती अधिक असलेला कुत्रा अनेक पिढ्यांच्या निवड पैदाशीतून सिद्ध करण्याच्या प्रयत्नांना ही संज्ञा लावता येते. मुंबईतील जुनी मंडळी जर्मन शेफर्डला आजही ‘अल्सेशियन’ म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये जर्मन नाव नकोसे झाल्याने हे नाव पुढे आले. तेथील केनेल क्लबने 1977 मध्ये मूळ नाव पुन्हा मान्य केले, तरी गिरगाव-दादरच्या बोलण्यातून अल्सेशियन काही गेला नाही.

मूळ जात कामासाठीच घडली. घोडदळातील अधिकारी माक्स फोन श्टेफानिट्झ यांनी 1899 मध्ये कार्ल्सरूहे येथील प्रदर्शनात पाहिलेला एक मेंढपाळ कुत्रा विकत घेतला, त्याचे होरांड असे नामकरण केले आणि त्याच वर्षी संघ स्थापून वंशनोंद सुरू केली. या जातीच्या प्रमाणित नराची खांद्यापाशी उंची 60 ते 65 सें.मी. आणि वजन 30 ते 40 किग्रॅ. असते. सोबती शेफर्डच्या पैदासकारांनी आकार वाढविला आणि हाच कामाचा जोर मुद्दाम उतरविला. अमेरिकेत टीना बार्बर यांनी 1970 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात आरंभलेल्या पैदाशीतून शायलो शेफर्ड निघाला. त्यात अलास्कन मॅलम्यूटचे, म्हणजे बर्फाळ प्रदेशात घसरगाड्या ओढणाऱ्या जातीचे, रक्त मिसळलेले आहे. लोइस श्वार्झ यांनी 1980 च्या दशकाअखेर जर्मन शेफर्ड व मॅलम्यूट यांचा संकर करून पुढे त्यात इंग्लिश मॅस्टिफ आणि ग्रेट पिरेनीजसारख्या जाती आणल्या. त्यांच्या कुत्र्यांचे आरंभीचे ‘शेपालूट’ हे नाव जाऊन पुढे ‘अमेरिकन अल्सेशियन’ असे झाले, ते मुंबईकराच्या कानाला ओळखीचे वाटावे.

पहिला संकर सोपा असतो, आणि फसवाही. पहिल्या पिढीतील पिल्ले बरीचशी एकसारखी दिसतात. त्यांचा आपसांत संकर केला की दुसऱ्या पिढीत आजी-आजोबांचे गुण विखरून बाहेर पडतात, आणि एकाच वेतात एक पिल्लू मॅलम्यूटसारखे, दुसरे शेफर्डसारखे, तिसरे दोहोंसारखे नाही असे होते. हे गुण स्थिर करण्यासाठी जवळच्या नात्यातील जोड्या लावण्याचा मोह होतो. परंतु सख्ख्या भावंडांच्या संकरातून होणाऱ्या पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक (जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता) 25 टक्के आणि सावत्र भावंडांच्या बाबतीत 12.5 टक्के येतो, तेव्हा लपलेले दोष वर येऊ लागतात. म्हणून जात खऱ्या अर्थाने वंशनोंदवहीत घडते, आणि जो पैदासकार आपल्याच कुत्र्यांचे दोष वहीत लिहायला तयार नसतो त्याच्या हातून संकर होतात, जात होत नाही. शायलो शेफर्डच्या बाबतीत नोंदवह्याच फुटून अनेक झाल्या. मुळात लहान असलेला जनुकसाठा त्यामुळे आणखी विभागला गेला.

सर्वांत अवघड प्रश्न खुब्याच्या सांध्याचा. मांडीच्या हाडाचे डोके उखळीत नीट न बसण्याचा विकार, म्हणजे हिप डिसप्लेशिया, अनेक जनुकांवर अवलंबून असतो आणि वजनदार कुत्र्यात तो अधिक जाचतो. म्हणजे आकार वाढविताना पैदासकार स्वतःच्याच वाटेत काटे पेरत असतो. केवळ आईबापांचे क्ष-किरण चित्र चांगले असून भागत नाही, त्यांच्या भावंडांचीही चित्रे पाहावी लागतात. अमेरिकेत 1966 मध्ये स्थापन झालेली अस्थिविकार नोंदणी संस्था कुत्रा 24 महिन्यांचा होईपर्यंत अंतिम प्रमाणपत्र देत नाही. साहजिकच एका पिढीला अडीच-तीन वर्षे लागतात आणि आठ पिढ्यांत वीस वर्षे सहज सरतात. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचा ऱ्हास करणाऱ्या विकारासाठी मात्र जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. त्यात केवळ वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेला) ठरलेला चांगला कुत्रा बाद करण्यापेक्षा त्याला दोषमुक्त जोडीदार देणे लहान जातीच्या हिताचे असते.

संगोपनाचाही यात वाटा असतो. नॉर्वेतील मोठ्या जातींच्या पाहणीत, पहिल्या तीन महिन्यांत जिने चढउतार करणाऱ्या पिल्लांमध्ये खुब्याच्या विकाराचा धोका वाढलेला, तर मऊ जमिनीवर मोकळे हुंदडणाऱ्यांत कमी झालेला आढळला. चाळीचा जिना आणि फ्लॅटमधील गुळगुळीत लादी यांत वाढणाऱ्या पिल्लाच्या मालकाने हे लक्षात घ्यावे. निदान पहिले काही महिने जिन्यावर पिल्लाला उचलून न्यावे. हवामानाचा अडसर तर जिना टाळूनही टळत नाही. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि मॅलम्यूटकडून आलेली दुहेरी, दाट लव भार होऊन बसते. मे महिन्यात भर दुपारी शिवाजी पार्कवर असा कुत्रा फिरविणे क्रौर्यच आहे. या शहरासाठी नवी जात घडवायची झाल्यास आखूड लव आणि माफक वजन यांनाच अग्रक्रम द्यावा लागेल, ज्याने ‘महाकाय’ या विशेषणाला बाधा येईल.

आंतरराष्ट्रीय श्वान महासंघ नव्या जातीला आधी तात्पुरती मान्यता देतो आणि कायम मान्यतेपूर्वी किमान दहा वर्षे जाऊ देतो. वर उल्लेखिलेल्या दोन्ही अमेरिकी जातींना यांपैकी कोणतीच मान्यता मिळालेली नाही. भारतात 2017 च्या श्वानपैदास नियमांनुसार पैदासकाराला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मादी 18 महिन्यांची होण्याआधी तिची वेत घेता येत नाही आणि आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही. मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींवर व त्यांच्या संकरांवर बंदी सुचविणारे परिपत्रक काढले होते, त्यात कॉकेशियन व मध्य आशियाई शेफर्डही होते. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले.