ओलीत देऊनही हरभरा का सुकतो?

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात हरभऱ्यानं माना टाकल्या की ‘अजून एक ओलीत द्या’ हा सल्ला हमखास मिळतो. बोअरचं पाणी खारं असेल तर तो घातक ठरतो. एकरावर दोन इंच पाणी म्हणजे सुमारे २ लाख लिटर. लिटरमागे २ ग्रॅम क्षार धरले, तर एका ओलितात ४ क्विंटल क्षार शेतात पडले. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात.

कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं. मातीतलं पाणी खारट झालं की मुळांनाही ते ओढून घेणं असंच जड जातं. माती हाताला ओली लागते, तरी झाड तहानलेलं असतं. ते पानांची रंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही आणि वाढ खुंटते.

कोकणच्या किनाऱ्यावरची मर्यादवेल हा ताण रोज सोसते. तापलेल्या वाळूवर, खाऱ्या तुषारांत ती पसरते. वाळूखाली गाडली गेली तर पेरापेरांवर नवी मुळं फोडते. मीठ सोसणाऱ्या अशा वनस्पतींची खरी करामत पेशीच्या आत आहे. पूर्ण वाढलेल्या पेशीची बहुतेक जागा रिक्तिका नावाची पिशवी व्यापते. मिठातलं सोडियम पेशीरसात, म्हणजे रिक्तिकेबाहेरच्या द्रवात, मोकळं राहिलं तर पोटॅशियमची जागा बळकावतं आणि विकरांचं (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचं) काम अडतं. म्हणून रिक्तिकेच्या पटलावरची प्रथिनं एक हायड्रोजन आयन (विद्युतभार असलेला कण) बाहेर सोडून त्या बदल्यात एक सोडियम आयन आत कोंडतात. ते हायड्रोजन आयन आधी आत भरायला वेगळे पंप लागतात, त्यात ऊर्जा खर्च होते. कोंडलेलं मीठच मग खाऱ्या मातीतून पाणी ओढायच्या कामी येतं! पण ते पेशीरसातलंही पाणी ओढणार. तोल राखायला पेशीरसात प्रोलिन, ग्लायसीन बीटेन अशी विकरांना न दुखवणारी संयुगं भरावी लागतात. त्यांना नायट्रोजन लागतो, आणि वाळूत तो मुळातच कमी.

हरभऱ्याला हे फारसं जमत नाही. पानांच्या कडा करपतात, मुळांवर गाठी कमी धरतात. कपाशी त्या मानानं बरीच तग धरते.

घरी पाहायचं तर तीन ताटल्यांत ओल्या फडक्यावर बियाण्याचे २०-२० हरभरे ठेवा. एकीत साधं पाणी, दुसरीत लिटरमागे ५ ग्रॅम मीठ घातलेलं, तिसरीत १५ ग्रॅम. ताटल्या झाकून ठेवा, नाहीतर पाणी उडून मिठाचं प्रमाण वाढतं आणि तुलना फसते. चौथ्या दिवशी मोडांची लांबी मोजा.

पाइपाला चुंबक बसवला की खारं पाणी गोड होतं, या दाव्यावर पैसा घालवू नका. चुंबकाच्या अलीकडचं आणि पलीकडचं पाणी ईसी मीटरनं (पाण्याच्या वीजवाहकतेवरून क्षार सांगणाऱ्या उपकरणानं) मोजा. लिटरमागचे २ ग्रॅम क्षार २ ग्रॅमच राहतात.

काळ्या मातीत सोडियम चिकणमातीच्या कणांना धरून बसतं, मातीची छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. जिप्सम या खनिजातलं कॅल्शियम त्याला कणांवरून हटवतं. मात्रा माती परीक्षणावरून ठरवा आणि पावसाळ्याआधी जिप्सम वरच्या थरात मिसळा. सुटलेलं सोडियम पावसाच्या पाण्यानं मुळांच्या खाली धुऊन जायला हवं. चर काढून निचरा केलेला नसेल, तर उन्हाळ्यात ते पुन्हा वर येतं.