लगद्याचा आलेख आणि भाताची राख

मार्च २०२२मध्ये श्रीलंकेच्या पश्चिम प्रांतात शाळांच्या सत्र परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. पेपर फुटला म्हणून नव्हे. प्रश्नपत्रिका छापायला कागदच नव्हता आणि तो बाहेरून आणायला डॉलर नव्हते. त्याच महिन्यात ‘द आयलंड’ आणि ‘दिवयिन’ या दैनिकांनी शनिवारचा छापील अंक थांबवला.

बातमी ऐकून भाचीनं विचारलं, “मामा, तिकडे तर भातच भात पिकतो. मग पेंढ्याचा कागद का नाही करत?” प्रश्न चोख होता. आणि गंमत म्हणजे, ते करून झालंय.

कागदाच्या आधी लगदा. आजी जुनी सुपं लिंपायला रद्दी भिजवून मेथीबरोबर वाटायची, तसाच. फक्त गिरणीतला लगदा लाकूड शिजवून काढतात आणि वाळवून, जाड पुठ्ठ्यासारख्या तावांच्या गठ्ठ्यांत जहाजानं पाठवतात. जगभरच्या कस्टम्सच्या वह्यांत तो ४७व्या प्रकरणात नोंदला जातो आणि तयार कागद ४८व्या. छोट्या देशाच्या आयातीचा आलेख वाचताना हे दोन आकडे शेजारी ठेवले नाहीत तर हमखास फसगत होते. लगद्याची आयात उतरली की कुणीतरी ‘देश स्वावलंबी झाला’ म्हणून टाळ्या वाजवतो. बहुतेक वेळा झालेलं एवढंच असतं, की लगदा विकत घेणारी एकुलती एक गिरणी बंद पडलेली असते आणि आता सगळा कागदच बाहेरून येतो. मोठ्या देशात शंभर गिऱ्हाइकं असतात, एकानं हात आखडला तरी रेघ हलत नाही. छोट्या देशात एक जहाज डिसेंबरऐवजी जानेवारीत लागलं तरी एका वर्षाचा खड्डा आणि पुढच्या वर्षाचा डोंगर तयार! शिवाय लगदा घेणारी गिरणी कागदाचीच असेल असंही नाही. बाळाच्या डायपरमधला कापसासारखा भरावसुद्धा लाकडाचा लगदाच असतो आणि त्याच ४७व्या प्रकरणात मोडतो.

आता पेंढा. श्रीलंकेनं सरकारी खर्चानं दोन गिरण्या उभारल्या. पूर्व किनाऱ्यावर वाळैचेनैला १९५०च्या दशकात, तर दक्षिणेला एंबिलिपिटियाला १९७०च्या दशकात. दोन्हींचा भरवसा पेंढ्यावर. वाळैचेनै पुढे यादवी युद्धाच्या टापूत सापडली. एंबिलिपिटियाच्या काळ्या सांडपाण्यानं वलवे नदीकाठी ओरड झाली. कारभाराचे घोळ होतेच, पण माझ्या मते खरा खलनायक भाताच्या पात्यात बसलेला होता.

भाताची बेणणी केलेल्या माणसाला तो माहीत असतो. हातापायांवर बारीक ओरखडे उठतात, कारण पात्याच्या कडेला सिलिकाचे, म्हणजे वाळूचं जे द्रव्य त्याचेच, सूक्ष्म दाते असतात. भाताची मुळं पाण्यात विरघळलेलं सिलिकॉन हपापल्यासारखं ओढून घेतात. त्यासाठी मुळांत खास दार आहे. ते उघडणारं जनुक जपानी संशोधकांनी २००६मध्ये शोधलं. पाणी पानांतून उडून जातं, सिलिका मागे राहते. रोपाला ताठपणा येतो, किडीचे दात बोथट होतात. पेंढ्याच्या वजनात सिलिका १० टक्क्यांच्या आसपास असू शकते. लाकडात ती सहसा १ टक्काही नसते. तुसाच्या राखेनं भांडी लख्ख निघायची ती हिच्याचमुळे.

लगदा करायचा म्हणजे लाकूड किंवा पेंढा कॉस्टिक सोड्यात, दाबाखाली शिजवायचा. लाकडाला १६०-१७० अंश सेल्सिअस लागतात, पेंढा त्याहून लवकर नरमतो. तंतूंना चिकटवून ठेवणारं लिग्निन विरघळतं, सेल्युलोजचे तंतू मोकळे होतात. उरतो डांबरासारखा काळा द्राव. लाकडाच्या गिरणीचं सगळं अर्थकारण या द्रावात आहे. तो आटवून घट्ट करतात आणि बॉयलरमध्ये चक्क जाळतात. लिग्निन जळून वाफ आणि वीज मिळते, तळाशी सोडा उरतो. त्यात चुनकळी घातली की कॉस्टिक सोडा परत तयार. खाली बसलेला चुन्याचा गाळ भट्टीत भाजला की पुन्हा चुनकळी. चक्र पूर्ण, बाहेर फारसं काही जातच नाही.

पेंढ्याच्या गिरणीत हे चक्र सिलिका मोडते. कॉस्टिक सोड्यात ती विरघळून सोडियम सिलिकेट होते. द्राव आटवायला घेतला की तो चिकट होतो आणि नळ्यांच्या आत दगडासारखी खपली धरते. त्यातून जे पुढे जातं ते चुन्याला गाठतं आणि कॅल्शियम सिलिकेट बनतं. गाळ नीट बसत नाही, भाजून पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही. (इथवर वाचून दमला असाल तर एवढंच लक्षात ठेवा: राखेनं भांडी निघतात, नळ्या तुंबतात.) सोडा परत मिळाला नाही की तो दर वेळी विकत घ्यायचा आणि काळा द्राव नदीला द्यायचा. सिलिका वेगळी काढण्याचे उपाय आहेत, पण ते छोट्या गिरणीला परवडत नाहीत. तुलनेला फिनलंडमधली आनेकोस्कीची गिरणी घ्या: २०१७मध्ये सुरू झाली, क्षमता वर्षाला १३ लाख टन, वर स्वतःची गरज भागवून वीज विकते. तिच्याशी पेंढ्यानं कसं लढायचं?

म्हणून अशा देशांतल्या गिरण्या रद्दीकडे वळतात. ‘एक टन रद्दी म्हणजे १७ झाडं वाचली’ असे संदेश तुम्हालाही आले असतील. झाड कुठलं, केवढं, हे मात्र कुणी सांगत नाही! रद्दीही अक्षय्यपात्र नव्हे. दर फेरीला तंतू तुटतो, वाळून ताठर होतो, दुसऱ्या तंतूला पहिल्यासारखा धरत नाही. मजबुतीसाठी ताजा, लांब तंतू मिसळावा लागतो. पाइन-स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांचा तंतू साधारण ३ मिलिमीटर, पेंढ्याचा जेमतेम १. लांब तंतूसाठी गाडी पुन्हा ४७व्या प्रकरणावर येते.

श्रीलंकेतल्या मुलांच्या २०२३च्या पाठ्यपुस्तकांसाठी बराचसा कागद भारतानं आदल्या वर्षी दिलेल्या १ अब्ज डॉलरच्या कर्जसुविधेतून गेला. “म्हणजे त्या वर्षी लगद्याचा आलेख वर गेला असेल,” भाची म्हणाली. तिला म्हटलं, पान उलट, ४८ बघ.