बिनकर्जाचं कॉलेज: मराठवाड्यातल्या वाटा

बिनकर्जाचं कॉलेज म्हणजे सरकारी नाहीतर अनुदानित कॉलेजात शिकताना घरावर कर्ज चढू नये म्हणून फी, मेस आणि खोलीभाड्याचा पैसा दुसऱ्या वाटेनं उभा करायच्या सगळ्या पद्धती. शिष्यवृत्ती आली, कमवा आणि शिका आलं, उपकर म्हणजे ठरावीक कामासाठी लावलेला जादा कर आला, डॉक्टरांचा बॉन्ड आला, आणि पगार सुरू झाल्यावर टॅक्समधून फेडायची परदेशातली पद्धतही आली. मराठवाड्यात हा विषय काढला की एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते, इथलं शिक्षणाचं कर्ज बँकांच्या एज्युकेशन लोनच्या आकड्यात पुरतं दिसतच नाही. ते सावकाराच्या वहीत असतं, आईच्या बचत गटात असतं, मायक्रोफायनान्सच्या आठवड्याच्या हप्त्यात असतं, कधी सोनं गहाण पडलेलं असतं तर कधी पेरणीसाठी उचललेल्या पीककर्जातूनच लेकराची फी गेलेली असते. म्हणून कुठलीही योजना चांगली की वाईट हे ठरवताना किती पैसा मिळतो याच्याइतकंच तो कोणत्या महिन्यात हातात पडतो हे बघायला पाहिजे, आणि सरकारी कागदावर नेमकं तेच कुठं दिसत नाही.

मागचा इतिहास थोडक्यात. निजामाच्या राज्यात मोठ्या शिक्षणासाठी हैदराबाद गाठावं लागायचं, १९१८ ला सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ तिथं, शिकवणं उर्दूतून. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्ती मिळाली आणि १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद. मिलिंदच्या नागसेनवन या परिसरात वसतिगृहं होती म्हणून खेड्यातल्या गरीब पोरांना शिकता आलं, नुसती फी माफ असून भागलं नसतं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ ला आलं, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ ला. पण त्याआधीच १९८३ मध्ये राज्यानं विनाअनुदानित इंजिनिअरिंग-मेडिकल कॉलेजांना दार उघडून दिलं होतं आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारकडून घराकडं सरकायला तिथून सुरुवात झाली.

आता चालू योजना. अनुसूचित जातीच्या पोरांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सगळ्यात जुनी, १९४४ पासूनची, तिची उत्पन्नाची अट अडीच लाखाची. खुल्या गटातल्या ८ लाखाच्या आतल्या घरांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी शिक्षण फी मिळते, आणि जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. हा निर्णय खरंच मोठा आहे, कारण पैसा एकापुरताच असेल तर इंजिनिअरिंगला पोराला पाठवायचं आणि पोरीला गावाजवळ बीएला टाकायचं हे आपल्याकडं घरोघरी चालत आलंय. राहण्याखाण्यासाठी ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही अशा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३ हजार, मोठ्या शहरांत ५१ हजार, मुंबई-पुण्याकडं ६० हजार. आदिवासी मुलांना स्वयम्, अल्पभूधारक शेतकऱ्याच्या लेकरांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता.

कागदावर हे भरपूर दिसतं. अडचण येते ती वेळेत. ॲडमिशन पावसाळ्यात होते, नेमकं तेव्हा घरातला पैसा बियाणं-खतात गेलेला असतो, महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचे अर्ज त्यानंतर सुरू होतात, मग कॉलेजची तपासणी, मग समाजकल्याणची, आधार बँकेला लिंक नाही म्हणून एखादा अर्ज मागं येतो, जातवैधता अडकलेली असते, आणि पैसा खात्यात येईपर्यंत कधी वर्ष सरतं कधी पुढचं वर्षही निम्मं होतं. पात्र पोरांकडून पूर्ण फी आधी घेऊ नका असे शासनाचे आदेश आहेत, तरी कॉलेजं मागतात, नाहीतर परीक्षेचा फॉर्म नाहीतर टीसी अडवून धरतात. मग बाप शेकडा तीन-चार टक्के महिन्याच्या व्याजानं पैसे उचलतो. शिष्यवृत्ती येते तेव्हा तिचा चांगला तुकडा व्याजातच गेलेला असतो, म्हणजे सरकारनं फुकट शिकवलेल्या पोराच्या घरावरही कर्ज राहतं. मला तरी या सगळ्या विषयातली सगळ्यात अन्यायाची गोष्ट हीच वाटते आणि तिच्यावर बोललं जातं सगळ्यात कमी.

बँकेच्या कर्जाचं बघायचं तर नियमाप्रमाणं ४ लाखापर्यंत तारण लागत नाही आणि कोर्स संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही. पण बापाचं पीककर्ज थकलेलं असलं की सिबिल म्हणजे कर्जफेडीची नोंद बघून शाखेतच फाईल थांबते. २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत बिनतारण कर्ज आणि ८ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजात ३ टक्के सूट आहे, पण ती देशातल्या निवडक संस्थांपुरती, तालुक्याच्या बीएस्सी कॉलेजात शिकणाऱ्या पोरीला तिचा उपयोग नाही. आयकरातली शिक्षणकर्जाच्या व्याजावरची सवलत तर जो आयकर भरतो त्यालाच.

परदेशात काय करतात तेही बघितलं पाहिजे. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून विद्यार्थी आधी शिकतो, नंतर पगार ठरावीक रकमेच्या वर गेला की टॅक्ससोबत आपोआप कापून घेतात, नोकरी नसेल तर हप्ता नाही. ऐकायला छान आहे, पण बाकी रक्कम महागाईबरोबर वाढायची आणि २०२३ मध्ये ती एका झटक्यात ७.१ टक्क्यांनी वाढली, शेवटी २०२५ मध्ये सरकारनंच सगळ्यांचं २० टक्के कर्ज कमी केलं. आपल्याकडं ही पद्धत जशीच्या तशी चालणं अवघड आहे कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही आणि रोजंदारीवर, दुकानात, खाजगी क्लासवर काम करणाऱ्या पदवीधराचा पगार कुठं नोंदलेलाच नसतो, कापणार कशातून. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठानं २०१६ ला भविष्यातल्या पगारातला हिस्सा देण्याचा करार काढला आणि २०२२ ला नवे करार थांबवले. जर्मनीतल्या काही राज्यांनी फी लावून बघितली, लोकांनी विरोध केला आणि २०१४ पर्यंत सगळीकडून ती गेली. उलट न्यूयॉर्कचं सिटी विद्यापीठ शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ फुकट होतं, १९७६ ला शहराची तिजोरी रिकामी झाली आणि फी आली.

म्हणून ठरावीक कामासाठी बांधलेला पैसा हा मार्ग महत्त्वाचा, आणि तो महाराष्ट्राला नवीन नाही. ७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीला पैसा पाहिजे म्हणून १९७५ मध्ये राज्यानं व्यवसाय कर लावला, शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलला. घरपट्टीच्या पावतीवर शिक्षण कर आजही असतो. ऊसतोड कामगारांसाठीच्या गोपीनाथ मुंडे महामंडळाला तर टनामागं १० रुपये कारखान्यानं आणि तेवढेच सरकारनं द्यायचे असं ठरलंय, आणि बीड-जालन्याकडं त्यांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं काढायची योजनाही आहे. माय-बाप सहा महिने कोयता घेऊन गेल्यावर लेकरू कुठं राहणार याचं उत्तर त्या उसातूनच निघतंय, हे बरोबरच आहे. असा पैसा शाळेपुरता न थांबता कॉलेजच्या मेसपर्यंत यायला पाहिजे.

कमवा आणि शिका ही कर्मवीर भाऊराव पाटलांची साताऱ्याकडची देणगी, मराठवाड्यातल्या विद्यापीठांतही चालते. पोरं बागेत, लायब्ररीत, विभागात तासावर काम करतात. मेसचा काही भाग सुटतो, पूर्ण खर्च कधीच नाही, आणि तासाचा दर मजुरीच्या मागं राहिला की अभ्यासाचा वेळ स्वस्तात विकल्यासारखं होतं. डॉक्टरीला बॉन्ड आहे, सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा करायची, बरीच वर्षं ती १० लाख भरून चुकवताही यायची. शिक्षण लोकांच्या पैशातून, फेड सेवेतून, हे तत्त्व एकदम चांगलं, पण दंड भरून सुटणारा पैसेवाला आणि न सुटणारा गरीब असा फरक त्यात राहत आला.

यातली कुठलीच वाट वेळेचा प्रश्न एकटीनं सोडवत नाही. तो सुटू शकतो फिरत्या निधीनं. एखाद्या अनुदानित कॉलेजात २०० पात्र विद्यार्थी धरले आणि प्रत्येकाची १५ हजार फी धरली तर ३० लाख लागतात, माजी विद्यार्थी, बाजार समिती आणि गावातली पतसंस्था मिळून एवढी रक्कम उभी राहू शकते. ॲडमिशनच्या दिवशी फी या निधीतून भरायची, शिष्यवृत्ती आली की तेवढीच परत घ्यायची, व्याज शून्य. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यामुळं परतफेडीचं लेखी आधीच ठरवावं लागेल, आणि ज्याचा अर्ज शासनाकडूनच नामंजूर होईल त्याची रक्कम कोण सोसणार हेही. त्यासाठी निधीतला थोडा भाग पहिल्या दिवसापासून बुडीत धरून ठेवायचा, आणि खातं संस्थाचालकाच्या सहीवर न ठेवता प्राध्यापक, पालक आणि विद्यार्थी अशा तिघांच्या सहीवर ठेवायचं.