तळपायाचा मेलॅनोमा

त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींचा, लवकर पसरणारा कर्करोग. गोऱ्या लोकांत मेलॅनोमा बहुधा उन्हामुळे होतो. भारतीयांत तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो. या प्रकाराला अॅक्रल लेंटिजिनस मेलॅनोमा म्हणतात; अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ रिचर्ड रीड यांनी १९७६ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याचे मुख्य कारण ऊन नाही, म्हणून सोलापूरच्या उन्हाळ्यात टोपी घातली, क्रीम लावले तरी तो त्याने टळत नाही.

सुरुवातीला टाचेवर किंवा चवड्यावर तपकिरी-काळा, वेड्यावाकड्या कडेचा डाग दिसतो. दुखत नाही, म्हणून राहून जातो. अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्याला तो बाभळीचा काटा मोडल्याचा वाटतो, तर मधुमेह्याला न भरणारी जखम. मग कुरूप समजून कॉर्न पट्टी लावली जाते, ब्लेडने तासले जाते, बिब्बा घातला जातो. बिब्ब्याने कातडी भाजून काळी पडते आणि मूळ डागच झाकला जातो. काही गाठी लालसर, बिनरंगीही असतात. त्या सर्वांत जास्त फसवतात.

नखाखाली उभी काळी रेघ येते. मार लागून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते; पायाचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते, तेव्हा दोन-तीन महिन्यांत फरक दिसायला हवा. रेघ जागची न हलता रुंदावली किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर तपासणी लांबवू नये. डर्मोस्कोपमध्ये (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगात) रंग तळव्याच्या रेषांच्या उंचवट्यांवर दिसला तर संशय बळावतो. खाचांत असेल तर बहुधा साधा तीळ.

निदान बायोप्सीनेच, म्हणजे तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच होते. डाग लहान असल्यास १ ते ३ मिलिमीटर कडेसह पूर्ण जाडीत काढतात, मोठा असल्यास सर्वांत जाड भागाचा तुकडा घेतात. वरवर खरवडून घेतलेला नमुना घातक ठरतो, कारण गाठ त्वचेत किती खोल गेली ते मोजताच येत नाही आणि पुढचे सगळे खोलीवरच ठरते. १ मिलिमीटरपर्यंत खोली असेल तर भोवतालची १ सेंटिमीटर, २ च्या वर असेल तर २ सेंटिमीटर निरोगी त्वचा काढतात. १ मिलिमीटरपुढे जांघेतली पहिली लसीका ग्रंथीही तपासण्याचा सल्ला देतात. जांघेत अवधाण आले असेल तर सुईने नमुना घेतात.

सोलापुरात सिव्हिलच्या त्वचारोग विभागात दाखवता येते. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल जिल्ह्यातच आहे. पुढे मुंबईला टाटामध्ये जायचे झाल्यास नुसता रिपोर्ट पुरत नाही, बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड सोबत न्यावेत.

पसरलेल्या आजारात पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब ही इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागवणारी औषधे देतात. ती महाग आहेत आणि या प्रकारात उन्हाच्या मेलॅनोमाइतकी लागू पडत नाहीत. गाठीची बीआरएएफ (BRAF) आणि केआयटी (KIT) जनुक तपासणी करून, त्या जनुकांतल्या बिघाडावरच नेम धरणाऱ्या लक्ष्यवेधी गोळ्यांचा विचार होतो. शस्त्रक्रियेनंतर पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी लागते. घरी व्रणापासून जांघेपर्यंतची त्वचा बोटांनी चाचपून नवी गाठ आहे का ते पाहावे.